सुधाताईंची न चाखलेली चॉकलेटं

सुधाताई चिटणिसांच्या शेजारी मी चौदा वर्षं राहिले आणि त्यांतल्या एकाही दिवशी त्या ताज्यातवान्या होत्या असं मला आठवत नाही. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत होती. सकाळी साडेपाचला त्या भिंतीपलीकडून आधी "हुश्श" ऐकू यायचं आणि मग नळ. म्हणजे बाईंचा दिवस दमण्यापासून सुरू व्हायचा, कामाला नंतर हात लागायचा. "कशा आहात सुधाताई?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "दमले ग. पण बसत नाही. बसले तर उठवायला कोण येणार?" यात तक्रारीचा सूर मुळीच नसे. आज बुधवार आहे, असं सांगावं तसं त्या सांगत.

त्यांच्या हॉलमध्ये पितळी कड्यांचा मोठा हिंचका होता. बडोद्यात आम्ही मराठी माणसंही झोपाळ्याला हिंचकाच म्हणतो. आल्यागेल्या प्रत्येकाला त्या हिंचक्यावर बसवत, हातात काहीतरी खायला देत, आणि स्वतः त्याची कडी धरून उभ्या राहत. पाहुण्याला थोडा झोका द्यायचं कामही त्याच करत. मी त्यांना त्यावर बसलेलं पाहिलं ते एकदाच, आणि ते शेवटी सांगते.

सासरे, आजेसासरे संस्थानच्या नोकरीतले, त्यामुळे घरात सगळ्याला पद्धत होती. चहा गाळण्याला पद्धत, पडदे धुण्याला पद्धत. अशा घरात चॉकलेट कसं शिरलं, तर सोसायटीतल्या एका चॉकलेटच्या क्लासमुळे. त्या सुमाराला बडोद्यात गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते. चॉकलेटची लादी वितळवायची, प्लास्टिकच्या साच्यात ओतायची, चमकत्या कागदात गुंडाळायची. मी शिकवण्यांमधून वेळ काढून गेले आणि दोन दिवसांत कंटाळले. सुधाताई सगळे दिवस गेल्या, सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि शेवटच्या दिवशी क्लासच्या बाईंनी हातावर ठेवलेला पांढऱ्या चॉकलेटचा तुकडा न खाता हुंगला. "नुसतं गोड आहे," म्हणाल्या. "याला बोलायलाच येत नाही."

घरी येऊन त्यांनी त्याला बोलतं केलं. सासूबाईंची जायफळ किसायची छोटी किसणी होती, पुरणाला आणि श्रीखंडाला लागणारी. त्या किसणीवर त्यांनी संत्र्याची साल किसली. त्यांचा नियम असा, की फक्त वरचं केशरी घ्यायचं, खालचं पांढरं दिसलं की हात थांबला पाहिजे, कारण कडूपणा सगळा त्या पांढऱ्यात असतो. क्रीम मंद आचेवर ठेवून कडेला बारीक बुडबुडे आले की त्यात हा कीस टाकायचा आणि झाकण ठेवायचं. मग मधून मधून झाकण उचलून नाक खाली न्यायचं. किती वेळ, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घड्याळ बघून चहा होतो. हे नाकानं करायचं." नाकानं "आता" म्हटलं की क्रीम मलमलच्या फडक्यातून गाळून बारीक चिरलेल्या पांढऱ्या चॉकलेटवर ओतायचं, वर लोण्याचा गोळा, आणि एकाच दिशेनं ढवळायचं. गार झालं की वळायचं. वळताना हात गार लागतात, म्हणून शेजारी थंड पाण्याचं पातेलं. रव्याच्या लाडवाच्या निम्मा आकार, वर पांढऱ्या चॉकलेटचं पातळ कवच, आणि त्यावर चिमटीभर केशरी कीस.

क्लासच्या बाईंनी याला ट्रफल म्हणतात असं सांगितलं होतं. सुधाताई "माझी चॉकलेटं" एवढंच म्हणत. समोरच्या पारुलबेननी पहिलं तोंडात टाकलं आणि निकाल दिला, "सुधाबेन, आ तो चॉकलेटनी लाडूडी छे." सोसायटीत मग लाडूडी हेच नाव रूढ झालं. दसऱ्याला पहिली लादी फुटायची आणि होळीला काम बंद, कारण पुढे बडोद्याचा उन्हाळा चॉकलेटला हातात टिकू देत नाही.

संत्री निवडायला त्या रिक्षा करून पाणीगेटला जात. मी एकदा सोबत गेले आणि पुन्हा गेले नाही. बाई एकेका फळाला नखाचा ओरखडा काढत, हुंगत, आणि बाजूला ठेवत. वीस मिनिटांनी फळवाला रडकुंडीला आला. "बेन, खावा माटे लो छो के सूंघवा माटे?" सुधाताई शांतपणे म्हणाल्या, "सूंघवा माटे, भाई. खावावाळा बीजा छे." आणि ते खरंच होतं, त्या हुंगायलाच घेत, खाणारे दुसरे होते. साल किसून झालेली बोडकी संत्री माझ्याकडे यायची आणि माझ्या शिकवणीची मुलं ती खायची. आमच्या गल्लीतल्या एका पिढीला सालीसकट संत्रं कसं दिसतं हे बहुधा ठाऊकच नसावं.

पारुलबेनच्या मुलीच्या सगाईला दोनशे लाडूड्या ठरल्या, तेव्हा पारुलबेन स्वतः स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. "थोडो लिंबूनो रस नाखो ने. खाटीमीठी लागशे." सुधाताईंनी वाद घातला नाही. एका वाटीत वितळलेलं चॉकलेट काढून दिलं आणि लिंबू पुढे केलं. पारुलबेननी पिळलं आणि चॉकलेट क्षणात फाटून वाळूसारखं झालं. "हाय हाय, आ शुं थयुं?" त्यावर सुधाताई म्हणाल्या, "रस प्यायचा, साल हुंगायची. दोघांची कामं वेगळी." तो फाटलेला गोळा त्यांनी दुधात उकळून संध्याकाळी माझ्या शिकवणीच्या मुलांना पाजला. वाया काही जाऊ द्यायचं नाही, हीही त्या घरातली पद्धत.

आता मुख्य गोष्ट. सुधाताई स्वतः ती चॉकलेटं कधी चाखत नसत. करताना नाही, आणि झाल्यावरही नाही. जन्मभर नैवेद्याचा स्वयंपाक केलेली बाई. मीठ, साखर, आंबट, सगळं वासावर आणि हातावर. "नैवेद्याआधी कोणी चाखतं का?" असं त्या विचारत, आणि मी तर भाजी कढईतूनच निम्मी संपवणारी. पहिलं चॉकलेट देव्हाऱ्यातल्या रांगत्या बाळकृष्णापुढे चांदीच्या वाटीत, वर तुळशीचं पान. "मग नंतर तरी खा," मी म्हणायची. "वासानंच पोट भरतं माझं," त्या म्हणत. "आणि गोड मला फावत नाही, मानवत नाही."

दुसरं चॉकलेट चिटणीससाहेबांना. साहेब रिफायनरीच्या प्रयोगशाळेत होते. आयुष्यभर नमुने तपासले आणि कागदावर शेरे मारले. त्यांच्याकडे कौतुकाचा एकच शब्द होता, "ठीक." मुलगी पाहून बाहेर पडल्यावर वडिलांनी विचारलं, कशी वाटली, तर साहेब म्हणाले होते, "ठीक." हे सुधाताई चाळीस वर्षांनीही सांगत, आणि सांगताना हिंचक्याची कडी उगाच पुसत. चॉकलेट तोंडात ठेवून साहेब छताकडे पाहत, ते पूर्ण विरघळू देत, आणि मग तो शब्द यायचा. तो आल्याशिवाय डबे बाहेर जात नसत.

साहेबांना लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सुधाताई आधीच दमलेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यात फरक पडलाय हे कळायलाही आम्हाला वेळ लागला. उचलणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं. मूलबाळ नव्हतं. पुण्याचा पुतण्या फोन करायचा. महिनाभर साहेब एक अक्षर बोलले नाहीत. डॉक्टर हाका मारून थकले. दिवाळीच्या आधी सुधाताईंनी सवयीनं चॉकलेटं केली, देवाला ठेवली, आणि अर्धं चॉकलेट साहेबांच्या जिभेवर ठेवलं. चावायचं काम नव्हतं, ते आपोआप विरघळलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. आणि जाड जिभेनं, ओढून ओढून, म्हणाले, "थीक."

सुधाताई हातात पातेलं घेऊनच माझ्या दारात आल्या. वर्गात पंधरा मुलं बसली होती. "बोलले ग," एवढंच म्हणाल्या आणि परत गेल्या.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता अर्धं चॉकलेट आणि तो एक शब्द. इतर वेळी साहेबांच्या तोंडून काही येत नसे, ना हाक, ना हुंकार. होळीला काम बंद करायचा नियमही सुधाताईंनी मोडला. उन्हाळ्यात संत्र्याऐवजी मोसंबीची साल, आणि वळायचं पहाटे, ऊन चढायच्या आत. बाहेरची कामं सोडली, साहेबांपुरती मात्र चॉकलेटं घरात सतत असत. पुतण्या म्हणायचा, काकांना पुण्याजवळच्या एका संस्थेत ठेवू, तिथे अशी माणसं सांभाळतात, तुझी हाडं मोडतील. सुधाताई म्हणत, "अरे, ते बोलतात माझ्याशी." पुतण्याला वाटायचं काकूचं डोकं फिरलंय. मला ठाऊक होतं, सुधाताई त्या एका शब्दावर उभ्या आहेत.

याच काळात त्यांनी मला नवं काम दिलं. "यांना द्यायच्या आधी तू चाखत जा. देवाला चुकलेलं चालतं, तो बोलत नाही. यांनाही आता सांगता येत नाही, काय चुकलं ते. तू खरं सांगशील." मी हो म्हटलं. फुकटचं चॉकलेट, नाही कशाला म्हणा.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी उत्तरायणानंतर सुधाताईंना ताप आला, आठ दिवस हटेना. तापातही त्या उठून साहेबांचं करत होत्या. ताप गेला, अशक्तपणा राहिला. फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा पातेलं चढवलं आणि मला हाक मारली. मी चॉकलेट तोंडात टाकलं. आधी गोड लागलं, आणि मग जिभेच्या मागे कडू येऊन बसलं, संत्र्याच्या सालीखालचं पांढरं चावल्यावर येतं तसं. मी सुधाताईंकडे पाहिलं. हिंचक्याची कडी धरून उभ्या होत्या, डोळ्यांखाली काळं, पदराला हात पुसत.

"छान झालंय," मी म्हणाले.

का म्हणाले, याचं मोठं कारण नाही. परीक्षा तोंडावर आल्या होत्या, दुपारपासून गणितं ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. खरं सांगायला थोडी ताकद लागते, आणि ती दुपारी चारला माझ्याकडे उरलेली नसायची. एखादा घाणा बिघडतो, त्यात काय, असं मनाशी म्हटलं.

साहेबांनी तोंड वेडंवाकडं केलं. चॉकलेट ओठाच्या कडेनं बाहेर आलं. सुधाताईंनी पुसलं. "आज मूड नसेल."

पुढचा घाणा त्याहून कडू. "हल्ली संत्र्यांना वासच राहिला नाही ग," सुधाताई म्हणाल्या. "दुप्पट साल घालते तरी उतरत नाही." मी मान हलवली. हल्ली कशालाच काही राहिलं नाही, हे बडोद्यातला प्रत्येक माणूस रोज म्हणतो, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पुन्हा मी छान म्हणाले. एकदा छान म्हटलं की दुसऱ्यांदा कडू म्हणणं जास्त अवघड जातं. साहेबांनी पुन्हा मान फिरवली. तीन आठवडे तो शब्द आला नाही.

मग एका दुपारी सुधाताई कठड्यापाशी येऊन म्हणाल्या, "अलका, हे गेले ग. दिसतात तेवढेच उरलेत." डोळ्यांत पाणी नव्हतं. "पुतण्याला फोन केला. होळी झाली की येतोय. नेऊ दे. ओळखतच नाहीत, तर इथे काय आणि तिथे काय." मी काहीतरी पुटपुटले. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. साहेबच खालावलेत असं मलाही वाटत होतं. आणि चॉकलेट का बिघडतंय हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता.

होळीच्या चार दिवस आधी मुलांना सुट्टी देऊन मी त्यांच्याकडे गेले. दारातच करपल्याचा वास नाकात घुसला. स्वयंपाकघरात गॅसवर दुधाचं पातेलं बुडाशी काळं होऊन धुमसत होतं, आणि त्याच्यापासून दोन हातांवर, गॅसकडे पाठ करून, सुधाताई सावकाश चॉकलेटची लादी चिरत उभ्या होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्या वळल्या, पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वास नाही आला ग," म्हणाल्या.

मी किसणीवरचा कीस चिमटीत घेऊन त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मान हलवली. तापात नाक गेलं होतं, आणि वास येईना म्हणून बाई पार पांढऱ्यापर्यंत साल किसत महिनाभर संत्र्यांना दोष देत होत्या.

मग मला सांगावंच लागलं. "सुधाताई, चॉकलेटं कडू होतायत. तापानंतरची सगळी."

"तू छान म्हणत होतीस."

"हो. खोटं बोलत होते."

त्या रागावतील म्हणून मी थांबले. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि ओट्याला टेकल्या. मग हळूच, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "म्हणजे ते बरोबर होते. म्हणजे यांना कळत होतं."

त्या दिवशी पातेल्यावर माझं नाक होतं. साल त्यांनी किसली, केशरी तेवढंच, हात जिथे थांबायला हवा तिथे मी थांबवला. झाकण मी उचलत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. परीक्षेला बसलेल्या मुलासारखी माझी अवस्था होती. एकदा घाईनं "आता" म्हटलं, तर म्हणाल्या, "नीट हुंग. वास डोळ्यांत येईपर्यंत थांब." थांबले. आला. गाळलं, ओतलं, ढवळलं, फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी वळलं. एक बाळकृष्णापुढे. एक मी खाल्लं आणि या वेळी खरं सांगितलं.

चार वाजता सुधाताईंनी अर्धं चॉकलेट साहेबांच्या जिभेवर ठेवलं. साहेब आमच्याकडे बघत होते, मग त्यांची नजर वर गेली. छताच्या पंख्याकडे. इतका वेळ गेला, की मी मनातल्या मनात बाळकृष्णाला बोल लावायला सुरुवात केली.

"थीक," साहेब म्हणाले.

पुतण्याला संध्याकाळी फोन गेला, येऊ नकोस म्हणून. साहेब पुढच्या पावसाळ्यात गेले, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. त्यानंतर सुधाताई पुण्याला पुतण्याकडे गेल्या. निघताना हिंचका पारुलबेनकडे गेला. पुण्याहून दोन पत्रं आली, दोन्हींत "दमले ग" होतं, मग तीही थांबली. पण सुधाताई म्हटलं की मला ती होळीआधीची दुपारच दिसते.

साहेबांना झोप लागली होती. उरलेलं अर्धं चॉकलेट वाटीत होतं. मी ते सुधाताईंपुढे केलं. "आता प्रसाद झालाय. खा."

त्या हिंचक्यापाशी आल्या, कडी धरली, आणि मग बसल्या. पहिल्यांदाच. पाय जमिनीवर टेकलेले, झोका घेतला नाही. चॉकलेट तोंडात ठेवलं आणि साहेबांसारखंच छताकडे पाहत राहिल्या.

"कसं आहे?" मी विचारलं.

"नुसतं गोड लागतंय." थोडं थांबून, "संत्रं आहे ना ग त्यात?"

"आहे. चांगलं उतरलंय."

त्यांनी मान डोलावली. "एवढी वर्षं केली. नाक होतं तेव्हा एकदा चाखायला हवं होतं."

मी शेजारी बसले. त्यांनी डोकं मागे कडीला टेकवलं आणि डोळे मिटले. "दहा मिनिटांनी उठव हं मला," म्हणाल्या.

बाहेर माझी साडेपाचची मुलं येऊन ओट्यावर बसली होती, दप्तरं आपटत होती. मी त्यांना खिडकीतून गप्प राहायची खूण केली. सुधाताईंना मी उठवलं नाही.